गोधडीच्या पोटातली ज्वारी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. नवरा तर म्हणतो, गावात दवंडी द्यायची वेळ आली तर नगरपालिकेने हिलाच नेमावं — आणि तो स्वतः नगरपालिकेत नोकरीला आहे, म्हणजे विचार करूनच बोलत असणार. पण एक गोष्ट मी गिळून बसले आहे. त्याला सांगितली नाही, सौंसरला माझ्या आईला नाही, शाळेपासून जिच्यासोबत सगळं वाटून खाल्लं त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलणं मला जमणार नाही.

गोष्ट माझ्या सासूबाईंची आहे — आणि माझी. आधी त्यांचं सांगते. सून सासूचं कौतुक करायला बसली की ऐकणाऱ्याला शंका येते, हे मला माहीत आहे. येऊ द्या.

आम्ही त्यांना आई म्हणतो. तरुणपणी त्या इथे पांढुर्ण्यात जिनिंगमध्ये कामाला होत्या, दिवसभर कापसाच्या ढिगात. घरी आल्यावर गोधड्या शिवायच्या. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे विटलेले सदरे — थरावर थर. पट्टी नाही, खडू नाही, आणि टाक्यांची ओळ अशी सरळ की बघत राहावं. मी शिवायला घेतलं तर ओळ आमच्या गावच्या जाम नदीसारखी वळत जाते. आणि रंग! कुठल्या तरी विटक्या हिरव्या तुकड्याशेजारी त्या असा काही जांभळा आणून ठेवतात की तो हिरवा पुन्हा नवा होतो. हे कुणी शिकवलं त्यांना? कुणीच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा आईंच्या हातची गोधडी अंगावर घेतली आणि पहिल्यांदा या घरात मला गाढ झोप लागली.

त्यांची एक रीत होती. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्या आत चिमूटभर ज्वारी सोडायच्या. भाजलेली — म्हणजे धुतल्यावर कोंब फुटत नाहीत आणि कीडही लागत नाही. त्यांच्या आईने तसंच केलं, आजीनेही; आमच्या भागातल्या बायका सगळ्याच करायच्या. गोधडी उपाशी ठेवू नये, म्हणायच्या. मी शिकलेली सून. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आपण असलं काही मानत नाही, असं मी एकदा फणकाऱ्याने बोलून गेले. आई रागावल्या नाहीत. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “देवासाठी कायचं वं? उपाशी माणसाले थंडी जास्त लागते. मी पाह्यलं हाय ते.”

गोधड्या ऑनलाइन विकायची कल्पना माझी. फोटो काढणं, दुकानाचं पान उघडणं, गिऱ्हाइकांना उत्तरं देणं — सगळं मी. नागपूर, भोपाळ, पुण्याहून मागण्या येऊ लागल्या. मग एक दिवस मेलबर्नहून एका मराठी बाईंचा निरोप आला. त्यांच्या लेकीला दिवस गेले होते. नातवंडाला गुंडाळायला गोधडी हवी होती, आजीच्या घरी असायची तशी. आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी एकच विचारलं — तिकडे तेव्हा थंडी असते की ऊन? मी मोबाइलवर बघून सांगितलं, थंडी. त्यांनी थर एक वाढवला.

आता तुम्ही कधी देशाबाहेर पार्सल पाठवलं असेल तर पुढचं सांगायला नको. निर्यातीचा कोड काढा, बँकेतून मंजुरी आणा, बिलाच्या प्रती जोडा. माल कोणत्या खान्यात बसतो ते लिहा. गोधडी कोणत्या खान्यात बसते हो? अंथरूण की पांघरूण? हस्तकला की जुने कपडे? पांढुर्ण्यात कुणालाच सांगता येईना, म्हणून गाडीत बसून मी नागपूरला खेपा घालू लागले. तिथे कळलं की वजनही दोन असतात. एक काट्यावरचं, आणि दुसरं खोकं किती जागा खातं त्यावरून काढलेलं. जे जास्त भरेल त्याचं भाडं. गोधडी पडली फुगणारी. घरी येऊन मी कपाळाला हात लावला तेव्हा आई हसू लागल्या. “हवेचंबी भाडं घेऊन राहिले काय वं ते?”

मग त्यांनी पदर खोचला. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबताना पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या. गोधडीची घट्ट वळकटी करायची, गुडघ्याने दाबायची, दोरीचा फेर द्यायचा, पुन्हा गुडघा. खोकं बघता बघता निम्म्यावर आलं. नागपूरला काउंटरवरचा माणूस ते खोकं उचलून म्हणाला, यात दगड भरलेत का? घरी येऊन सांगितल्यावर आई कितीतरी वेळ तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवसाइतक्या खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलं आहे.

आणि इथून पुढे माझं सुरू होतं.

निम्मं होऊनही भाडं गोधडीच्या किमतीपेक्षा जास्तच होतं. तरी मेलबर्नच्या बाई द्यायला तयार होत्या, त्यांनी आधीच विचारलं होतं. घोटाळा मी केला होता. नीट चौकशी न करता, मोठ्या व्यापाऱ्याच्या ऐटीत, मी त्यांना एक आकडा कळवून बसले होते — काळजीच करू नका, एवढ्यात होईल. खरा आकडा त्याच्या दुपटीच्या घरात गेला. आता पुन्हा कोणत्या तोंडाने मागणार? “माफ करा, चुकलं माझं” एवढं लिहायचं होतं. नाही लिहिलं. एका दलालाने वाट दाखवली. विक्रीचा माल म्हणाल तर एवढे कागद आणि एवढा खर्च. घरगुती भेट म्हणाल, जुने वापरलेले कपडे म्हणाल, तर स्वस्तात सुटाल. मी तसंच लिहिलं. आईंची ती गोधडी — आणि मी लिहिलं, जुने कपडे, किंमत काही नाही.

एवढंच करून थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण हौस दांडगी! खोक्यात आमच्या दुकानाचं छापील कार्ड टाकलं, गोधडीला किमतीची चिठ्ठी लावली. म्हणजे चोरी करायची आणि दारावर आपल्या नावाची पाटी ठोकून यायचं. तिकडच्या लोकांनी खोकं उघडलं, चिठ्ठी वाचली आणि पार्सल अडवलं. मला निरोप आला — लिहिलेली माहिती आणि आतला माल जुळत नाही. बस. गोधडी त्यांनी उसवलीसुद्धा नव्हती. ज्वारीचा त्यात शब्दही नव्हता. हे ध्यानात ठेवा.

पुढे तीन वाटा दिल्या होत्या. खरे कागद भरून दंडासकट सोडवून घ्या. नाहीतर आपल्या खर्चाने परत मागवा. नाहीतर माल सोडून द्या, आम्ही तो नष्ट करू. पहिल्या दोन वाटांनी गेलं असतं तर घरात सगळं सांगावं लागलं असतं. दुपारची वेळ होती. भात शिजत होता. आई अंगणात दुसऱ्या गोधडीचे तुकडे जुळवत बसल्या होत्या, मला खिडकीतून दिसत होत्या. त्यांच्याकडे बघत — हो, बघतच — मी तिसऱ्या वाटेवर बोट दाबलं.

मेलबर्नच्या बाईंना कळवलं, पार्सल वाटेत गहाळ झालं, क्षमस्व. त्यांनी समजून घेतलं. पण आई रोज विचारायच्या, पोचली काय? बाळंत झाली काय पोरगी? किती दिवस टाळणार? शेवटी एका सकाळी माझ्या तोंडून निघालंच. म्हटलं, “आई, तुमच्या ज्वारीपायी अडलं. तिकडे बी-बियाणं चालत नाही. त्यांनी जाळून टाकली गोधडी.”

बियाणं चालत नाही हे खोटं नाही — कुठल्याशा व्हिडिओत मी ते ऐकलं होतं. म्हणून तर माझं खोटं टिकलं. धडधडीत खोटं मला बोलता येत नाही. खऱ्याचा टेकू लागतो.

आईंनी हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “भाजेल होती ना वं ते. उगवली नसती.”

मी म्हटलं, “त्यांना काय माहीत?”

“हाव,” त्या म्हणाल्या. “त्याईले कसं मालूम राहीन.” आणि थोड्या वेळाने — “माह्यामुळं त्या लेकराचं पांघरूण गेलं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

माझ्या जागी त्या असत्या तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारते, आणि उत्तर मला त्याच दिवशी मिळालं होतं. दुपारी आई पुन्हा गोधडी शिवायला बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. रडणं नाही, कुणाला दोष देणं नाही, तिकडच्या सरकारला एक शिवी नाही. आतल्या थराला मऊ कापड हवं म्हणून त्यांनी आपली पांढरी साडी काढली — बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती — आणि माझ्यासमोर कात्री लावली. तान्ह्या अंगाला रुतू नये, म्हणाल्या. मोबदला घ्यायचा नाही, असंही मला बजावलं. चूक आपली होती ना!

शेवटचा कोपरा आला. त्यांचा हात सवयीने ज्वारीच्या वाटीकडे गेला, थांबला, आणि त्यांनी कोपरा तसाच बंद केला.

या वेळी मी सगळे कागद खरे भरले. पुन्हा नागपूरच्या खेपा, पुन्हा गुडघ्याने दाबलेली वळकटी. गोधडी पोचली. बाईंनी बाळाचा फोटो पाठवला, गोधडीत फक्त तोंड दिसतंय. आईंनी फोटो मोठा करून पाहिला, टाके पाहिले, बाळाचं तोंड पाहिलं. मग विचारलं, “लेकरू झोपून राहिलं ना वं नीट?” पुढेही अधूनमधून त्या हेच विचारायच्या. मला कळायचं त्या काय विचारत आहेत — गोधडी उपाशी गेली होती. मी म्हणायचे, झोपतं, झोपतं.

यंदा विहारात बायकांची बैठक झाली. सावरगावच्या, पांढुर्ण्याच्या, थेट सौंसरहूनही बायका आल्या होत्या. घरचा माल ऑनलाइन कसा विकायचा, परदेशी कसा पाठवायचा, हे मी सांगणार होते. सांगितलंही, चांगलं तासभर. शेवटी कुणीतरी आईंनाही बोलायचा आग्रह केला. त्यांनी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. पदर सारखा करून उभ्या राहिल्या, जय भीम म्हणाल्या, आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“बायांनो, माह्याकडून एक गलती झाली, ते तुम्ही करू नोका. मी गोधडीत ज्वारी घातली अन् माह्या सुनेची सारी मेहनत पाण्यात गेली. एवढं नुकसान झालं, पण पोरीनं मले एका शब्दानं काई नाई म्हटलं.”

एवढ्या बायकांसमोर, मान ताठ ठेवून, न केलेली चूक त्या आपली म्हणून सांगत होत्या — दुसऱ्या कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून. एवढं मोठं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. माइक हातभर अंतरावर होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघूनही वाजवल्या, अशी समजूतदार सून म्हणून. मीही वाजवल्या.

त्या बायका घरी गेल्या आणि आईंनी सांगितलं तसं वागू लागल्या. आमच्या भागात आता गोधडीत ज्वारी कुणी घालत नाही. विकायच्या गोधडीत नाही, आणि घरच्या लेकरांच्या गोधडीतही नाही.