देवीडॉक्टर चहा घेत नसत

देवीडॉक्टर चहा घेत नसत. कल्याणात पारनाक्याजवळच्या आमच्या आळीत दारी आलेल्या माणसाला चहा विचारायचा म्हणजे विचारायचाच. पण ह्या माणसाने 'चहा' हा शब्द ऐकला की तो चौकट अडवून उभा राहायचा. "चहा नको. बाळ आणा," एवढंच. त्यांचा अनुभव असा, की बाई चहा टाकायला आत गेली की चहा पुढच्या दाराशी येतो आणि मूल मागच्या दाराने शेजारी जातं.

तसे ते डॉक्टर नव्हते. नगरपालिकेच्या दवाखान्यातर्फे घरोघर फिरून मुलांना देवीची लस टोचायचं त्यांचं काम. उंच, किडकिडीत, उन्हाने रापलेले. डोक्यावर काळी टोपी आणि हातात पत्र्याची पेटी. पेटीत गारवा राहावा म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लसीच्या बारीक काचेच्या नळ्या. त्यांचं खरं नाव आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. होळी जवळ आली, की एक दिवस "देवीडॉक्टर आले गं!" अशी हाक उठायची आणि पटापट दारं लागायची.

पण दारं लावून त्यांच्यापुढे काही चालत नसे. ते आधी मागच्या अंगणात जात आणि कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत. शेजारच्या गंगूवहिनींनी एकदा ठोकून दिलं, "बाळ परवाच आजोळी गेलंय हो, टिटवाळ्याला." देवीडॉक्टरांनी दोरीवरचं बाळोतं दोन बोटांनी चाचपून पाहिलं. "परवा आजोळी गेलं म्हणता, मग हे ओलं कसं?" गंगूवहिनींनी निमूटपणे बाळ बाहेर आणलं. पुढच्या वर्षी त्यांच्या फेरीच्या दिवशी सगळ्या दोऱ्या रिकाम्या. तर हा गृहस्थ रिकाम्या दोरीवरही संशय घेऊ लागला! "एवढं कडक ऊन पडलंय आणि एकीचंही धुणं वाळत नाही?"

टोचून झालं तरी ते हलत नसत. स्टूल मागून घेत, टोपी गुडघ्यावर ठेवत आणि लस वाळेपर्यंत बाळाच्या दंडाकडे बघत बसत. त्यांची पाठ वळली की बायका लस पुसून टाकतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुन्हा आठव्या दिवशी हजर. दंडावर फोड उठला असेल तर लस लागली. तोंडी सांगितलेलं त्यांच्या लेखी शून्य.

आमचाही त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या नळीत नेमकं काय असतं? वासराच्या अंगावरून काढलेलं पाणी, असं कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या सासूबाई म्हणत, "देवी आली तर तिची पूजा करावी. तिला सुईनं डिवचायचं कशाला?" मी शिकलेली होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते. पण लहानपणी माझा धाकटा भाऊ लस टोचल्यावर नवव्या दिवशी तापाने गेला होता. तेव्हा गावात तापाचीच साथ होती, टोचलेली नसलेली मुलंही गेली होती, हे मोठेपणी मला कळत होतं. तरी आईचा तो आक्रोश माझ्या कानांतून जात नव्हता. आणि आता माझी सुमन सहा महिन्यांची झाली होती.

त्या वर्षी खाडीकडच्या वस्तीत देवी आल्याची बातमी होती. देवीडॉक्टर आमच्या दाराशी आले आणि मी सुमनला स्वतःहून पुढे केलं. त्यांनी दोन ठिकाणी टोचलं. ती किंचाळली. मी स्टूल आणायला वळले, तर ते म्हणाले, "राहू द्या. तुम्ही शाळेतल्या बाई. तुमच्याकडे बसायची गरज नाही." आणि पेटी उचलून निघाले.

ते वळणापलीकडे गेल्याबरोबर मी पदराने लस पुसली. वर खोबरेल लावलं. भाऊ डोळ्यांसमोर होता, दुसरं काही सुचलंच नाही.

आठव्या दिवशी त्यांनी सुमनचा दंड पाहिला. कोरा. "पुसली नव्हती ना, बाई?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मला वाटलं, आता हा माणूस माझी उलटतपासणी घेणार. पण ते दंडाकडे बघत पुटपुटले, "मग लसच खराब असणार." आणि तसेच निघून गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला ते परत आले. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. "ठाण्याला जाऊन ताजी लस आणली. मागच्या खेपेला उन्हात फडकं वाळलं असणार. माझीच हयगय. दवाखान्यात साहेबांना तसं सांगून आलोय." जगातल्या प्रत्येक बाईवर संशय घेणारा हा माणूस माझ्या एका शब्दावर विसंबून स्वतःला गुन्हेगार ठरवून आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पुसली होती," मी म्हटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुमनला टोचलं, मग स्वतःच कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आणि लस वाळेपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "बाई, तुमच्या घरची दोरी मी कधी बघितली नव्हती."

सुमनची लस लागली. खाडीकडची देवी आमच्या आळीपर्यंतही आली, पण सुमनला काही झालं नाही. त्यानंतर दरवर्षी देवीडॉक्टर फेरीवर आले, की आधी आमच्या मागच्या अंगणात डोकावत. मी खिडकीतून बघत असे.

चार वर्षांनी अनंता झाला. फेरीच्या दिवशी मी त्याची सगळी बाळोती मुद्दाम दोरीवर वाळत घातली. देवीडॉक्टर मागे गेलेच नाहीत, थेट पुढच्या दारी आले. आता चांगलेच वाकले होते. अनंताला टोचून झाल्यावर मी स्टूल पुढे केलं. ते बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाले, "बाई, चहा टाका."

मी अनंताला त्यांच्या नजरेसमोर सतरंजीवर ठेवू लागले.

"बाळालाही आत घेऊन जा. रडतंय ते."

मधे स्वयंपाकघराचं दार, त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. मी एका हाताने चहा केला आणि दुसऱ्या हाताने अनंताचा दंड पदरापासून लांब धरून ठेवला. सासूबाईंना माशी वारायला बसवलं. देवीडॉक्टरांनी चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. "साखर जास्त झालीय," म्हणाले, आणि गेले. दंड त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

आठव्या दिवशी मी अनंताची बाही वर गुंडाळून त्याला ओट्यावर घेऊन बसले. दोन्ही फोड टपोरे उठले होते. आला तो दुसराच कुणी तरुण. "लागलीय छान," तो म्हणाला. मी विचारलं, "आणि ते आमचे?"

"ते पेन्शनीत निघाले ना! तुमच्या आळीतली फेरी त्यांची शेवटची. दुसऱ्याच दिवशी कोकणात घरी गेले."

म्हणजे आठव्या दिवशी दंड बघायला आपण येणार नाही, हे ठाऊक असूनच त्यांनी त्या दिवशी चहा मागितला होता.