दाजींच्या इमूचे उलटे पाय

आता तुमच्यापासून काय लपवू? रागाच्या भरात माझी अशी फजिती झाली, की अजून गावात मान वर करून चालता येत नाही. आणि खरं सांगू? राग अजूनही गेलेला नाही!

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, लग्नाला निघाले आणि आपला लाडका इमू माझ्या शेतात ठेवून गेले. माणसाएवढा उंच पक्षी. पंख नावालाच, उडणं नाही. पण पळायला लागला की मोटारसायकल मागं पडावी! "पोरासारखं जप त्याला," दाजी बजावून गेले. त्याला काही झालं असतं, तर बहिणीला कुठलं तोंड दाखवणार?

आल्या आल्या त्या इमूनं कुंपणावरनं मान लांबवून शेजारच्या मल्लप्पाअण्णांचा हरभरा ओरबाडला. अण्णा कडाडले, "पुन्ना आला तर तंगडं मोडीन!"

दुपारी जेवून येतो, तर इमू खाली बसलेला. आणि पाय? गुडघ्यातनं चक्क मागं वळलेले! माझं डोकंच फिरलं. तसाच अण्णांच्या बांधावर गेलो.

"अण्णा, लाज न्हाय वाटत तुमाला? मुक्या जनावराचे पाय मोडता?"

"आरं, कुणी मोडले? चल, दाव!"

अण्णांनी इमूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आरं येड्या, पाखराचा पाय तसाच वळतो! गळ्यात लिंग घालणारा म्या, मटणाला कदी शिवलो न्हाय. कोंबडी दर आयतवारी तू खातूस. आन् तिचा पाय कसा असतो ते म्या सांगू व्हय?"

मला ते पटलं असेल? छे! उलट जास्तच पेटलो. "थांबा, सरळ करूनच दावतो!"

आता जनावर लाथ मागं झाडतं, हे कुणाला ठाऊक नाही? म्हणून मी शहाणा इमूच्या बरोबर पुढ्यात बसलो आणि पाय धरून ओढला.

इमू लाथ पुढं मारतो हो!

मी तीन पलट्या खाऊन बांधाला जाऊन आदळलो. इमू त्या 'मोडक्या' पायांवर टुणकन उठला आणि धूम ठोकून थेट अण्णांच्या हरभऱ्यात! अण्णांनी कपाळावर हात मारला. हरभरा तसाच सोडून त्यांनी मला गाडीवर घातलं आणि उमरग्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी माझा सुजलेला गुडघा दाबून विचारलं, "कुणी मोडला हो पाय?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी दोन्ही हात जोडले. "सायेब, म्या न्हाय! आदीच सांगून ठिवतो, ह्यो लगीच माजंच नाव घेतो!"