कॅनडावाल्याची सव्वा मूठ

"मन्हा पोऱ्या काय मरी गया का रे, त्यानी मूठ गाळाले?"

ब्राह्मणपुरीत माझे चुलते नाना हे ओरडले, तेव्हा वर तोरणमाळच्या तलावातल्या मासोळ्यांनी बुडी मारली असणार. एवढा आवाज अख्ख्या खानदेशात दुसरा नाही, आणि मुलगा कॅनडात ट्रक चालवायला गेल्यापासून तर तो दुप्पट झालाय. फोन असला तरी मधल्या समुद्राचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं. डाव्या मनगटावर इथलं घड्याळ, उजव्यावर तिथलं. भर दुपारी सरपंचांना "चला, झोपा आता" म्हणून येतात. मार्च संपता संपता, पत्र्यावर पापड भाजून निघतील अशा उन्हात, हा माणूस स्वेटर आणि कानटोपी घालून शहाद्याच्या स्टँडवर उभा! विचारलं तर म्हणाले, "तठे बरफ पडी ऱ्हायना रे भो. पोऱ्या कुडकुडी ऱ्हायना."

पोराच्या पैशाने घराचं सोनं झालं, हे खरंच. काकूचे दोन्ही गुडघे कॅनडाचे, शेतातलं ठिबक कॅनडाचं, पोरीचं लग्न कॅनडाचं. वरचा मजलाही कॅनडाचाच. काचेच्या खिडक्या, गरम पाण्याचा नळ, आणि राहायला कांदे. "हवेशीर ऱ्हातस," नाना पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

भांडण मात्र मुठीचं होतं. श्रावणात आमची खानदेशची देवी कानबाई घरात बसते, तेव्हा आमच्या भाऊबंदकीत जितके पुरुष तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, त्याचे गोड, जाड रोट करायचे. ते कुळातल्यांनीच खायचे, परक्याला कणही द्यायचा नाही, आणि संपवायचेच. आता निम्मं कुळ विमानाने उडालंय. मुठी एकवीस, खायला सहा म्हातारे आणि मी. त्या सहांतल्या पाचांना साखर! म्हणून नानांचे धाकटे भाऊ अण्णा एवढंच म्हणाले होते, की बाहेरदेशच्या पोरांच्या मुठी गाळू या.

"जित्ता शे ना तो," अण्णा म्हणाले, "पन खाई कोन? तू? गये साल तुले सलाईन लावं!"

"लावू दे! मूठ गाळी म्हंजे पोऱ्या कुळमाईन गया!"

शेवटी नानांनी पोरालाच व्हिडिओवर साक्षीला बोलावलं. "सांग याले, तुन्ही मूठ शे का नही?"

पोरगा ट्रकमध्ये बसल्या बसल्या हसला. "नाना, अण्णा बरोबर सांगी ऱ्हायनात. मन्ही मूठ नका काढू. यंदा बी येनं जमाव नही. वाया जास."

नाना गप्प झाले. इतके गप्प, की त्या घरात पंखा आहे आणि तो कुरकुरतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फोन बंद झाला. अण्णासुद्धा जिंकल्यासारखे दिसेनात. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसले. काकू उठली. तिने पोत्यात हात घातला, एक मूठ परातीत टाकली, वर पाव मूठ टाकली, आणि परात उचलून दळायला घेऊन गेली.

रोट झाले. पंगतीत ती माझ्या पानात दुसऱ्यांदा वाढायला आली, तेव्हा मी हळूच म्हटलं, "काकू, तो तर स्वतःच नको म्हणाला होता ना?"

"त्याले काय समजस," काकू म्हणाली. "जेव."