उसनं बळ

उज्जैन सोडलं त्या सकाळी गाडीची मागची सीट माझ्या सामानाने भरली होती आणि माझ्या मांडीवर होता एक मातीचा घोडा. वीतभर उंच, एक कान उडालेला. "आई, डिकीत ठेव ना तो," लेक म्हणाला. मी नाही म्हटलं. शेजारच्या शर्माभाभी डोळे पुसत फाटकाशी उभ्या होत्या, पण त्यांचीही नजर घोड्यावरच होती. "दीदी, ये तो लौटाना था ना," त्या हळूच म्हणाल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. माधवनगर गेलं, नानाखेडा मागे पडलं आणि चाळीस वर्षांचा संसार पुण्याच्या रस्त्याला लागला.

पुण्याच्या मैत्रिणींनो, त्या घोड्याबद्दल तुम्ही सारखं विचारायचात, म्हणून सांगते. आमच्याकडे वैशाखात पंचक्रोशी असते. पाच दिवस, उज्जैनभोवती एकशे अठरा किलोमीटर, तेही माळव्याच्या उन्हात. निघण्याआधी पटनी बाजारात नागचंद्रेश्वराला नारळ द्यायचा आणि चालण्यासाठी बळ मागून घ्यायचं. यात्रा संपली की त्याच देवाला मातीचा घोडा वाहून ते परत करायचं. बळ उसनं असतं.

मी मिरजेची मुलगी, लग्न होऊन इथे आले आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत म्हातारी झाले. उसन्या बळाची गोष्ट वर्गात सांगितली असती तर मुलींनी मलाच ऊर्जेचा नियम म्हणून दाखवला असता. देवास गेटच्या बसस्टँडवर उतरलेले यात्री डोक्यावर पोटली घेऊन आमच्या गल्लीत सावली शोधायचे, माझ्या ओट्यावर रोटी-मिरची खायचे, आणि माझं डोकं फिरायचं. एकदा भर दुपारी एक म्हातारी फाटकाशी आली. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. "बाई, थोडी देर बैठ जाऊं?" मी नुकताच ओटा धुतला होता. "आगे पेड है, वहां बैठो," म्हटलं आणि कडी घातली. ती कुरकुर न करता निघून गेली. हे खिडकीतून बघत होते. एवढंच म्हणाले, "अगं, बसू द्यायचं होतंस."

पुढे मी निवृत्त झाले, हे गेले, घर रिकामं झालं. वय झालं की माणूस देवाकडे वळतो म्हणतात. मला भक्तीबिक्तीने नाही वळवलं, त्या टाचांनी वळवलं. पहाटे चहा घेताना त्या दिसायच्या. पासष्टाव्या वर्षी मी शर्माभाभींबरोबर पंचक्रोशीला निघाले. स्वभाव मास्तरणीचा, सगळी तयारी आधी हवी! परत करायचा घोडा मी निघण्याआधीच घेऊन टाकला. भाभी हसल्या होत्या, "अभी से?"

तिसऱ्या दिवशी अंबोदियाला गुडघा भोपळ्यासारखा सुजला. एका घरच्या ओसरीत मला आडवं केलं. त्या घरची बाई म्हशीचं दूध काढायचं टाकून आली, माझा पाय मांडीवर घेतला आणि तेल चोळायला लागली. नाव-गाव काही विचारलं नाही. "आपको तकलीफ दी," मी म्हटलं. "तकलीफ कैसी? यात्री तो आते ही हैं," ती म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडले. भाभी पुढे गेल्या, माझी यात्रा अर्धी राहिली आणि घोडा माझ्याकडेच राहिला. लेक पुण्याहून धावत आला आणि महिन्याच्या आत मला घेऊन गेला.

पुण्यात कशाची म्हणजे कशाची कमतरता नव्हती. अकरावा मजला, गरम फुलका, दिव्यांच्या माळेचं देवघर. "आई, आता देव देव कर, आराम कर," लेक म्हणायचा. घोडा टीव्हीशेजारी होता, पाहुणे विचारायचे कुठल्या प्रदर्शनातून आणला. पण त्या दारात कोणी आपसूक येऊन टेकलं नाही. खालून फोन येणार, मोबाइलवर होकार दिला की मग माणूस वर येणार. आयुष्यभर मला अशीच शिस्त हवी होती, आणि मिळाली तेव्हा तिच्यात जीव गुदमरायला लागला. घोड्याकडे पाहिलं की मिरजेची आई आठवायची. शेजारी पाठवताना बजावायची, "उसनी वाटी वेळेत परत करावी, आणि रिकामी देऊ नये."

तेवढ्यात उज्जैनच्या माधवनगरातल्या घराला गिऱ्हाईक आलं. कागद तयार झाले, माझी सही तेवढी राहिली. "यात्रा करून येते, मग सही," मी म्हटलं. लेकाने कपाळाला हात लावला, पण तिकीट काढून दिलं.

या वैशाखात चालले. कुठे लंगडत, कुठे भाभींच्या खांद्याला धरून. अंबोदियाला त्या बाईने मला ओळखलंही नाही, नुसती खाट पुढे सरकवली. अमावास्येला देवापुढे घोडा ठेवला. "अब फ्री हो गईं दीदी," भाभी म्हणाल्या. मला तसं वाटेना. हात मोकळे होते, पण वाटी मी रिकामीच परत केली होती.

घरी आले, कुलूप काढलं आणि लेकाला फोन लावला. "घर विकायचं नाही."

"आई, वर्षातले पाच दिवस कोणीतरी ओट्यावर टेकावं म्हणून घर ठेवायचं?"

"हो. आणि मीही इथेच राहणार."

 तो म्हणाला, "मी तुला नीट सांभाळत नव्हतो का गं?"

 "सांभाळलंस रे. म्हणून तर एवढं चालता आलं," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्याला ते पुरलं नाही, हेही मला कळलं. नातवाचा आवाज मागून येत होता. मी फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

मिरज सोडताना वाटलं होतं, आपण हक्काने जाऊन टेकतो ते घर. पुण्यात वाटलं, आपली माणसं असतात ते घर. दोन्ही खरंच आहे. पण आता या वयात मला वाटतं, ज्याच्या दारात आपण परक्याला बैस म्हणू शकतो, ते आपलं घर.

संध्याकाळी यात्री परतायला लागले. फाटकाशी एक म्हातारी थांबली. ती नव्हे, ती कशी असेल इतक्या वर्षांनी? पण टाचा तशाच. "बाई, थोडी देर बैठ जाऊं?"

ओट्यावर वर्षभराची धूळ साचली होती. "रुको, पोंछ देती हूं," म्हणून मी फडकं आणायला वळले, तोवर ती बसलीसुद्धा. मग मी फडकं राहू दिलं, पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्या शेजारी तशीच धुळीत बसले.