दादूचा गणिताचा पेपर

काश्मिरातल्या त्या चौकीवर आमची प्लाटून नोव्हेंबरात चढली. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. फेब्रुवारीत शिपायांच्या परीक्षा घेणारा एज्युकेशन हवालदार खालच्या चौकीवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय शिपायाला नाईकच्या फिती मिळत नसत. फिती नाहीत तर मुदत संपली की घरचा रस्ता, पेन्शन नाही. वरच्या चौकीवरून आम्ही दोघेच बसणार होतो, मी आणि दादू.

दादू म्हसवडकडचा, मेंढपाळाचा पोर. मी कवठे महांकाळचा. आमची ओळख सांगलीच्या भरतीत झाली, छाती मोजायच्या रांगेत. दोघेही मॅट्रिक नापास. मी इंग्रजीत गेलो, तो गणितात. दुष्काळाचं साल होतं. नापास पोरानं करायचं काय, तर सरकारी कामावर खडी फोडायची, नाहीतर ऑक्टोबरला पुन्हा बसायचं. गंमत म्हणजे पास झालेली पोरंही आमच्या शेजारी बसून खडीच फोडत होती. म्हटलं, त्यापेक्षा बंदूक बरी.

दादू कशाला भीत नसे. इतर जण दोर धरून चढत त्या कड्यावर हा शिट्टी मारत जायचा. पण गणिताचं पुस्तक उघडलं की त्या थंडीतही कपाळाला घाम. महिनाभर बुखारीच्या शेगडीपाशी बसून मी त्याची शिकवणी घेतली. शेवटी शेवटी त्याला सगळं येत होतं. तोंडी विचारलं की फटाफट सांगायचा. कागद पुढं सरकवला की गाडी अडायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सुभेदार साहेब उद्याची पार्टी ठरवत होते. शेजारच्या चौकीवर रॉकेल पोचवायचं होतं, सहा जणांनी. एकाचा पाय थंडीनं सुजला होता. दादू पुढं झाला.

"साब, मी जातो."

"उद्या तुजा पेपर हाय की रं."

"पुढल्या टायमाला दितो, साब. ऑक्टोबरात."

सगळे हसले. आमच्याकडं नापास पोरांचा देव म्हणजे ऑक्टोबर. फौजेत कुठला ऑक्टोबर? साहेब पाटणकडचे होते, हा पेपर टाळतोय हे त्यांना बरोबर कळलं. पण बळजबरीनं कुणाला पेपरला बसवता येत नाही. "बरं, जा," म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्याला चांगलाच झापला.

"गड्या, तुला समदं येतंय रं!"

"येतंय की. पर त्यो कागद बगितला की समदं पळून जातं. त्यापरीस बरफ परवडला."

सकाळी मी एकटाच खाली उतरलो. बंकरमध्ये आम्ही पाच जण पाठीला पाठ लावून बसलो. अर्धा पेपर झाला असेल, तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"हॅलो वन. पार्टीवर एवलांच आला. चार मिळाले. दोन मिसिंग. ओव्हर."

एवलांच म्हणजे डोंगरावरून कोसळणारा बर्फ. सेटवर नावं घेत नाहीत. आम्ही पेपर तिथंच टाकले आणि फावडी उचलली. सगळ्यांच्या पुढं एज्युकेशन हवालदार धावत होता.

एक जण लवकर निघाला, जिवंत होता. दादू दुपारी सापडला. रॉकेलचा डबा अजून पाठीलाच बांधलेला होता. सुभेदार साहेबांनी स्वतः त्याच्या तोंडावरचा बर्फ पुसला.

पुढच्या आठवड्यात पेपर पुन्हा झाला. मी पास झालो. गणितं साधी होती, शेकडेवारी आणि सरळव्याज. दादूला सगळी आली असती. याचा मला अजून राग येतो. कुणाचा येतो, ते सांगता येत नाही.

रजेवर आल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याचा म्हातारा बाप रानात मेंढरांपाशी भेटला.

"लय सोसलं का त्येनं?"

"न्हाई बाबा. लगीच गेला."

त्यानं लांब गेलेलं एक मेंढरू हाकून आणलं. मग म्हणाला, "नापास झाला तवा मी त्येला येक सबूद बोललो न्हाई. पोराचं मन दुखाया नगं म्हनून. आमाला कुटं मॅट्रिक पायजे व्हतं? मेंढरं व्हती की."

दादूनं हेच मला वेगळं सांगितलं होतं. निकालापासून बाप एक शब्द बोलत नाही, त्याला माझं तोंड बघवत नसणार, म्हणून घरी न सांगता भरतीला आलो, असं तो म्हणाला होता. म्हाताऱ्याला हे सांगायची माझी छाती झाली नाही. "व्हय बाबा," एवढंच म्हणालो, आणि मला रडू आवरलं नाही.

आता मी पेन्शनीत आहे. निकाल लागला की आसपासच्या नापास पोरांच्या घरी जातो. फौजी म्हणून पोरं भरतीचं विचारतात. भरती, आयटीआय, पुन्हा परीक्षा, सगळं सांगतो. पण आधी बापाला बाजूला घेतो.

"शिव्या घाला पायजे तर. पर त्येच्याशी बोला."

"आवं, बोलायचं काय त्यात?" असं एखादा म्हणतो. मग मी त्याला दादूची हकिगत सांगतो. म्हाताऱ्याला जे सांगायची छाती झाली नाही, तेसुद्धा.