दादाचा अनंत पत्रा

आमच्या दादाला उकडतंय की नाही हेसुद्धा मोबाइलवर बघावं लागतं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असतो, पण आकडा दिसल्याशिवाय पंखा लावणार नाही. आई याला हुशारी म्हणते. लहानपणी तो पुस्तक वाचून पोहायला शिकला होता. पाण्यात उतरायची वेळ आली तेव्हा आईच म्हणाली, "राहू दे, त्याला सर्दी आहे." तेव्हापासून त्याचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत.

दादा अँटेना बनवतो. म्हणजे संगणकावर. आमच्या अँब्युलन्सच्या वायरलेससाठी नवी अँटेना करायचं काम त्याच्याकडे आलं. मी त्याच अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये माइकवर बसते, त्यामुळे आईला कोण आनंद! काम तसं सोपं. टपावर एक सरळ कांडी उभी करायची. अशा कांडीखाली धातूचा पत्रा लागतो, नाहीतर ती नीट चालत नाही, हे ज्ञान दादानेच मला जेवताना पाजलं होतं.

त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक चौकोन असतो. त्यावर क्लिक केलं की कांडीखाली धातूची जमीन पसरते, चहूबाजूंनी कधीही न संपणारी. गणित चुटकीसरशी सुटतं. दादाने क्लिक केलं. आलेख इतका सुरेख आला की त्याने तो घरी आणून आईला दाखवला. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण शेजारच्या काकूंनाही बोलावून दाखवला.

अँब्युलन्स त्याच्या ऑफिसच्या खिडकीखालीच उभी होती. जिना उतरून टपावर एक टिचकी मारायची, बस. टप फायबरचा होता, धातूचा नव्हताच. पण जिना उतरेल तो दादा कसला!

"एकदा गाडी फिरवून तरी बघ," मी म्हटलं.

"सिम्युलेशन झालंय गं," असं म्हणून त्याने माझी कीव केली. कांडी बसली.

त्याच आठवड्यात भर दुपारी आईला दम लागला. दादाने घरून फोन केला, मी लगेच गाडी पाठवली. मग त्याला आठवलं, "अगं, पुढचा रस्ता खणलाय. मागच्या फाटकातून यायला सांग."

मी माइकवर ओरडत राहिले. नुसती खरखर. गाडी चालवताना मोबाइल बंद ठेवायचा, हा आमचाच नियम.

"दादा, गाडी ऐकतच नाहीये!"

"असं होऊच शकत नाही," तो म्हणाला. मागे आई धापा टाकत होती आणि हा मला आलेख समजावत होता.

गाडी खड्ड्यापर्यंत जाऊन माघारी फिरली, लोकांना विचारत विचारत उशिरा पोहोचली. आई वाचली ती तिच्या चिवटपणामुळे.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात दादा तिच्या खाटेशेजारी लॅपटॉप उघडून बसला होता. एकदाचा टप बघून आला होता.

"हे बघ, सिम्युलेशनमधला पत्रा काढून टाकला," तो मला म्हणाला. "आलेख पार झोपला. गाडीला तुझा आवाज ऐकू जाणं शक्यच नव्हतं. आता अगदी बरोबर आलंय!" चेहरा नुसता फुलला होता.

आईने ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला. "बघ," ती धापा टाकत मला म्हणाली, "काढलं की नाही शोधून त्याने?"

मी मास्क पुन्हा तिच्या तोंडावर बसवला, जरा जोरातच.