हरवलेलं वर्गमूळ

सर्व संबंधितांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, काल सकाळी आमच्या ऑफिसातून वर्गमूळ हरवले.

वैदेहीचा सी भाषेतला प्रोग्रॅम दुपारी ग्राहकांना दाखवायचा होता आणि त्याचे तुकडे जोडणारा लिंकर एकच हेका धरून बसला होता: वर्गमूळ काढणारं फंक्शन सापडत नाही!

"सर, गणिताची लायब्ररी दिलीय हो त्याला!" ती रडकुंडीला आली होती.

तयार फंक्शनांचा तो संच दिला होता खरा, पण आज्ञेत त्याचं नाव वैदेहीच्या प्रोग्रॅमच्या फाइलच्या आधी होतं. लिंकर क्रमाने पुढे जातो आणि तोवर मागणी झाली असेल तेवढंच लायब्ररीतून उचलतो. पंगतीत भाताआधीच तूपवाला येऊन गेला, तर भात कोरडाच राहणार!

मला मात्र लिंकरची बाजू पटली. गरज पडण्याआधी समोर आलेलं आपण तरी कुठे घेतो? वडिलांचे निम्मे सल्ले माझ्या पानावरून असेच पुढे निघून गेले.

वैदेहीने लायब्ररीचं नाव फाइलच्या नंतर टाकलं आणि प्रोग्रॅम निमूट जुळला. ग्राहक दारात येऊन उभे आहेत, याचं तिला भानच नव्हतं. स्क्रीनवर बोट रोखून ती ओरडली, "मेल्या, एकदा मागे वळून बघितलं असतंस, तर मान मोडली असती का तुझी?"